तीन तासांचा चुना 156 मिनिटांत का हरला: एका रिब्रीदरच्या स्क्रबरचं प्रकरण

खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन दांडिया बाजाराकडे निघालो होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती अंदमानात होती. माशांच्या वागण्यावर तिचं काम चालतं, आणि मासे बुजू नयेत म्हणून ती रिब्रीदर (सोडलेला श्वास चुन्याच्या डब्यातून, म्हणजे स्क्रबरमधून, शुद्ध करून परत देणारं यंत्र) लावून पाण्यात उतरते, कारण त्यातून बुडबुडे सुटत नाहीत. आवाज थकलेला होता. "मामा, मी बोटीवर आले आहे, ठीक आहे. पण आज खाली कार्बन डायऑक्साइड चढला. डोकं फुटतंय नुसतं." सोबत कोण आहे, डॉक्टरांशी बोललीस का, हे सगळं विचारून झालं, आणि मग मी विचारलं, "चुना कुठे आहे?"

"कॅनिस्टरमध्येच. आता ओतून टाकते."

"ओतू नकोस. चमच्याने वरून थोडा काढ, मग मधला, मग तळाचा. तिन्ही वेगळ्या बाटल्यांत भर, झाकणं घट्ट लाव आणि कुठला थर कुठल्या बाटलीत ते लिही. चौथ्या बाटलीत डब्यातला न वापरलेला चुना घे."

त्या चार बाटल्या आणि तिची डाइव्हची वही यांच्यावरून जे कळलं ते इथे मांडतो आहे. मी स्वतः कधी समुद्रात बुडी मारलेली नाही. मी रसायन अभियंता. बडोद्याच्या कलाभवनात शिकलो (सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेतूनच पुढे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली), आणि नोकरी खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटवर केली. तिथे नैसर्गिक वायूतलं गंधक काढायला झिंक ऑक्साइडच्या गोळ्यांनी भरलेली पात्रं असतात. गंधक पुढे गेलं तर कोट्यवधींचं उत्प्रेरक मरतं. त्यामुळे 'हा बेड (पात्रातला गोळ्यांचा थर) अजून किती दिवस चालेल' हा एकच प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं विचारत आलो. भाचीच्या पाठीवरचा डबा म्हणजे तोच बेड, फक्त अडीच किलोचा.

आधी घटना. एकदा भरलेल्या चुन्यावर तिने तीन डाइव्ह केल्या. पहिल्या दिवशी दोन, 60 आणि 58 मिनिटांच्या, शांत पाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी, 28 मीटर खोल. तिथे प्रवाह निघाला आणि एका खडकाच्या आडोशाला पोचायला तिला जोर लावून पोहावं लागलं. तिसाव्या मिनिटाच्या सुमारास धाप लागली. प्रवाहामुळे लागली असेल म्हणून ती खडकाला धरून थांबली, पण धाप उतरेना. थांबल्यावरही श्वास वाढतच गेला, कपाळात ठोके पडायला लागले आणि मनात उगीच भीती दाटली. शिकवलेलं तिला आठवलं: शंका आली की वाद घालायचा नाही, लूप (श्वास फिरत राहतो तो यंत्रातला बंद मार्ग) सोडायचा. 38व्या मिनिटाला तिने लूप बंद केला आणि सोबतच्या वेगळ्या सिलिंडरवर आली. त्यानंतरही काही मिनिटं श्वास आवरत नव्हता, कारण रक्तात साठलेला वायू फुप्फुसांवाटे बाहेर पडायला वेळ लागतो. जोडीदार शेजारी होता. दोघं थांबे घेत वर आले.

तिच्या वहीत मिनिटांची बेरीज होती: 60 अधिक 58 अधिक 38, म्हणजे 156. यंत्राच्या पुस्तिकेत चुन्याचं आयुष्य लिहिलं होतं 180 मिनिटं. 24 मिनिटं शिल्लक असताना चुन्याने दगा दिला. शिवाय पाणी 28 अंशांचं, गरम. गार पाण्यात चुना लवकर थकतो हे तिला माहीत होतं, तेव्हा इथे तर तो पुस्तिकेहून जास्तच चालायला हवा होता.

आता हा चुना करतो काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं उलगडणार नाही. रिब्रीदरमध्ये उच्छ्वास बाहेर सोडला जात नाही. तो एका नळीतून कॅनिस्टरमध्ये जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, वापरलेल्या ऑक्सिजनची भर घातली जाते, आणि तीच हवा परत श्वासात येते. ही कल्पना जुनी आहे. हेन्री फ्ल्यूसने 1878 मध्ये कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेल्या दोरखंडाच्या धाग्यांवर हे काम भागवलं होतं. आजचा सोडा लाइम म्हणजे मुख्यतः विरलेला चुना, त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि साधारण 14 ते 19 टक्के पाणी. बारीक जातीचे दाणे 1 ते 2.5 मिलिमीटरचे असतात.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ केलेली बहुतेकांना आठवत असेल. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीही याच क्रियेने घट्ट झाल्या आहेत: चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा चुनखडीसारखा दगड होतो. गवंडी चुन्याच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा पाणी मारतो, कारण वायू आधी पाण्यात विरघळल्याशिवाय क्रिया पुढे सरकत नाही. कोरडा चुना आळशी असतो. दाण्यातही तसंच होतं. वायू दाण्यावरच्या ओलीत उतरतो, तिथला कॉस्टिक सोडा त्याला झटकन पकडतो, आणि मग चुना तो सोड्याकडून काढून घेऊन सोड्याला पुढच्या फेरीसाठी मोकळा करतो. शेवटी हिशेब सरळ राहतो: 74 ग्रॅम चुना 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतो आणि बदल्यात 18 ग्रॅम पाणी व उष्णता देतो. उष्णता चांगलीच असते. मिनिटाला 1.6 लिटर वायू शोषणारा कॅनिस्टर साधारण सव्वाशे वॅट उष्णता बाहेर टाकतो.

यावरून कागदावरची क्षमता निघते. अडीच किलो लाइममध्ये 80 टक्के चुना धरला तर दोन किलो चुना, म्हणजे साधारण 27 मोल. 20 अंशांना एक मोल वायू 24 लिटर जागा घेतो, म्हणजे जवळजवळ 650 लिटर कार्बन डायऑक्साइड. आता पुस्तिकेतले 180 मिनिटं कुठून आले ते बघा. युरोपचं ईएन 14143 हे मानक यंत्राने तपासणी करतं. कृत्रिम फुप्फुस मिनिटाला 40 लिटर हवा फिरवतं, त्यात 1.6 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाणी 4 अंशांचं, खोली 40 मीटरची. शुद्ध होऊन परत येणाऱ्या हवेत या वायूचा दाब 5 मिलिबार झाला की घड्याळ थांबवतात. 180 मिनिटं गुणिले 1.6 म्हणजे 288 लिटर. कागदावर 650, प्रत्यक्षात 288. निम्म्याहून जास्त चुना न वापरलेलाच राहतो.

हे ऐकून भाची म्हणाली, "मग बाकीचा वाया जातो?" वाया म्हणू नये. तो राखीव असतो, आणि कुठे असतो हे महत्त्वाचं.

नीट भरलेल्या कॅनिस्टरमध्ये क्रिया सगळीकडे एकदम होत नाही. हवा शिरते त्या तोंडाकडचे दाणे आधी भरतात. त्यांच्या पुढे एक पट्टा असतो, जिथे प्रत्यक्ष काम चालू असतं आणि जो हाताला गरम लागेल इतका तापलेला असतो. त्याच्याही पुढे ताजे, थंड दाणे. जसजसा चुना भरत जातो तसतसा हा पट्टा बाहेरच्या तोंडाकडे सरकतो. पट्ट्याचं पुढचं टोक बाहेरच्या तोंडाला टेकलं की वायू निसटायला लागतो. आमच्या प्लांटवर याला 'स्लिप' म्हणायचे. त्या क्षणी पट्ट्यातला अर्धामुर्धा चुना अजून जिवंत असतो, पण त्याचा उपयोग नसतो. पट्टा किती रुंद असेल ते बऱ्याच गोष्टींवर ठरतं. दाणे मोठे असतील तर तो रुंद. पाणी गार असेल तर रुंद. हवा वेगाने फिरत असेल तर रुंद, कारण वायूला दाण्याला भेटायला वेळ कमी मिळतो. खोलीवरही रुंद होतो, आणि ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही. शरीर मिनिटाला तितकाच कार्बन डायऑक्साइड बनवतं, खोली काहीही असो, पण 40 मीटरवर त्याच्याभोवती नायट्रोजनची गर्दी पाचपट असते आणि त्या गर्दीतून वाट काढत दाण्यापर्यंत पोचायला त्याला तितकाच जास्त वेळ लागतो.

मिनिटांवर विसंबण्यात अडचण अशी की चुन्याला मिनिटं कळत नाहीत. त्याला लिटर कळतात. आणि लिटर मोजायची सोय भाचीच्या यंत्रातच होती, तिने ती वापरली नव्हती एवढंच. रिब्रीदरच्या ऑक्सिजन सिलिंडरमधून जेवढा ऑक्सिजन जातो तेवढाच जवळपास शरीराने खाल्लेला असतो, आणि शरीर खाल्लेल्या प्रत्येक लिटर ऑक्सिजनमागे साधारण 0.8 ते 1 लिटर कार्बन डायऑक्साइड देतं. 0.9 धरायला हरकत नाही. तिचं सिलिंडर 3 लिटरचं. वहीत सुदैवाने प्रत्येक डाइव्हच्या आधीचा आणि नंतरचा दाब होता. पहिल्या डाइव्हला 24 बार उतरला, दुसऱ्याला 23, तिसऱ्याला 30. तिनाने गुणल्यावर 72, 69 आणि 90 लिटर ऑक्सिजन. मिनिटांनी भागलं तर पहिल्या दोन डाइव्ह मिनिटाला 1.2 लिटरच्या, आणि तिसरी जवळजवळ 2.4 लिटरची. घड्याळात तिसरी डाइव्ह सगळ्यात छोटी दिसते. चुन्याच्या हिशेबात ती सगळ्यात मोठी होती.

या मोजणीत थोडी चूक असतेच. वर येताना लूपमधली हवा सोडावी लागते, त्यात ऑक्सिजन फुकट जातो आणि आकडा खऱ्याहून मोठा दिसतो. दुसऱ्या सिलिंडरमधून भरलेल्या हवेतही थोडा ऑक्सिजन असतो, तो सुटतो. पण चुन्यासाठी अंदाज बांधायला इतकं पुरे.

बेरीज 231 लिटर ऑक्सिजन, म्हणजे फार तर 208 लिटर कार्बन डायऑक्साइड. इथे मी अडकलो. मिनिटांच्या हिशेबाने 24 मिनिटं शिल्लक होती. लिटरच्या, जास्त प्रामाणिक हिशेबाने तर 80 लिटर शिल्लक होते. तिसऱ्या डाइव्हमध्ये मिनिटाला 2.1 लिटर वायू आणि पन्नास लिटरच्या पुढे श्वसन, म्हणजे पट्टा रुंदावणार हे खरं. पण गरम पाणी आणि कमी खोली त्याला तेवढंच अरुंद करत होती. नुसत्या प्रवाहाने एवढी तफावत पडेल हे मला पटेना.

दुसऱ्या शक्यता तपासल्या. चुना कोरडा पडला होता का? पुढच्या आठवड्यात ती बडोद्याला आली, तेव्हा मकरपुरा जीआयडीसीतल्या माझ्या मित्राच्या छोट्या प्रयोगशाळेत ताज्या चुन्याचा नमुना ओव्हनमध्ये वाळवला. वजन 16 टक्के उतरलं. ओल बरोबर होती. कॅनिस्टरच्या रबरी रिंगेजवळून हवा चुन्याला वळसा घालून जात होती का? रिंग तिने सोबत आणली होती. भिंगाखाली पाहिली, कुठे चीर नव्हती. आणि गळती असती तर त्रास तिसाव्या मिनिटाची वाट बघत बसला नसता.

एक शक्यता मात्र मी मुद्दाम नीट पाहिली, कारण त्यात चुन्याचा काही दोष नसतो. खूप खोलवर हवा इतकी दाट होते की फुप्फुसं ती पुरेशी हलवू शकत नाहीत आणि कार्बन डायऑक्साइड शरीरातच अडकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोस्मान्सगाट विवरात 8 जानेवारी 2005 रोजी डेव्हिड शॉ 270 मीटरवर असाच गेला. तळाशी अंगमेहनत केली, श्वास पुरला नाही. म्हणून आता हवेची घनता लिटरला 5.2 ग्रॅमच्या आत ठेवावी आणि 6.2 च्या वर नेऊच नये अशी शिफारस आहे. 28 मीटरवर भाचीच्या लूपमधली घनता पाचच्या आत होती. तेव्हा हेही नाही.

उरल्या बाटल्या.

चाचणी साधी आहे. वाळवलेल्या नमुन्याचा 1 ग्रॅम घ्यायचा, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, आणि फसफसून निघालेला वायू पाण्यावर उलट्या धरलेल्या मोजपात्रात पकडायचा. कोऱ्या चुन्यातून काही निघत नाही, तो गपचूप विरघळतो. दगड झालेला भाग मात्र गिळलेला सगळा कार्बन डायऑक्साइड परत देतो. पाण्यात तो थोडा विरघळतो म्हणून पात्रातलं पाणी आधीच आंबट आणि खारट करून ठेवलं होतं.

ताज्या चुन्यातून 6 मिलिलिटर निघाले. डबा उघडला की हवेतला थोडा वायू तो घेतोच. मग हवा शिरते त्या तोंडाची बाटली घेतली. आम्ल पडताच दाणे तडतडले, पांढरा फेस नळीच्या गळ्यापर्यंत चढला, आणि मोजपात्रातलं पाणी 118 मिलिलिटरवर येऊन थांबलं. भाची शेजारी स्टुलावर बसून आकडे लिहीत होती. मधल्या थराचे 87. आता शेवटची बाटली, हवा बाहेर पडते त्या तोंडाची. तिथे फार तर 15-20 मिलिलिटर यावेत अशी माझी अटकळ होती. 80 लिटर शिल्लक असतील तर ते याच थरात असायला हवेत. आम्ल सोडलं, आणि तोच फेस, तोच तडतडाट. 71.

मी दुसरा ग्रॅम घेऊन चाचणी पुन्हा केली. 70.

चुन्याच्या भाषेत सांगायचं तर पहिला थर 42 टक्के दगड झाला होता, मधला 30, शेवटचा 24. सरासरी 32 टक्के. 650 लिटरच्या 32 टक्के म्हणजे 208 लिटर. म्हणजे ऑक्सिजनवरून काढलेला आकडा आणि आम्लाने दिलेला आकडा एकमेकांना धरून होते. गिळलेल्या लिटरचा हिशेब चुकला नव्हता. चुकलं होतं ते त्या लिटरचं ठिकाण. नीट चाललेल्या बेडमध्ये पहिला थर भरलेला आणि शेवटचा कोरा असायला हवा. इथे शेवटच्या थराचा पाव भाग दगड झालेला होता. असा बेड मी प्लांटवर एकदाच पाहिला होता, आणि तो एका देखभालीनंतर उपसून परत भरलेला होता.

मी विचारलं, "दोन डाइव्हनंतर तू कॅनिस्टर उघडला होतास का?"

ती जरा थांबली. "उघडला होता. रिंगेजवळ वाळू दिसली म्हणून चुना स्वच्छ पिशवीत ओतला, कॅनिस्टर धुतला, पुसला, आणि सकाळी तोच चुना परत भरला. एक दाणा सांडू दिला नाही, मामा."

वाळू काढली हे बरोबरच केलं. रिंगेखाली वाळू राहिली असती तर ती वेगळी आपत्ती होती. पिशवी हवाबंद होती, म्हणून चुना वाळलाही नाही. पण पिशवीत ओतताना आणि परत भरताना दोन डाइव्हमध्ये लागलेली दाण्यांची रांग मोडली. पहिल्या थरातले दमलेले दाणे सगळीकडे पसरले, अगदी बाहेरच्या तोंडापर्यंत. अशा दाण्यावर दगडाचं कवच चढलेलं असतं. आतला चुना शाबूत असतो पण वायू त्याच्यापर्यंत सावकाश झिरपतो. सकाळी तिने जो कॅनिस्टर पाठीवर घेतला त्यात लिटर तेवढेच होते, पण शेवटी पहारा देणारा ताजा थर राहिला नव्हता. शांत पाण्यात तो कदाचित निभावलाही असता. प्रवाहात वायूचा ओघ जवळजवळ दुप्पट झाला, आणि सगळीकडे अर्धवट दमलेल्या चुन्यातून तो निसटला. त्यात भर म्हणजे वापरलेला चुना थोडा भुगा होतो आणि दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही, त्यामुळे कडेने सोपी वाटही मिळते. ही दुसरी गोष्ट बाटल्यांवरून सिद्ध होत नाही, पण माझ्या अनुभवात दोन्ही बरोबरच येतात.

झिंक ऑक्साइडच्या बाबतीत आमच्याकडे यावर एक उतारा असायचा: दोन पात्रं एकामागे एक. पहिलं पूर्ण दमू द्यायचं, दुसरं राखण करतं. मग पहिल्यात नवा माल भरून त्याला मागे लावायचं. माणसाच्या पाठीवर दुसरं पात्र बसत नाही. तिथे शेवटचा थर हेच दुसरं पात्र. तो कोरा आहे या एका भरवशावर माणूस खाली उतरलेला असतो.

भाचीने तिथेच खूप प्रश्न विचारले, आणि ते कुणालाही पडतील असे होते. कॅनिस्टरचं वजन करून कळणार नाही का? नाही. तिच्या चुन्याने 380 ग्रॅम वायू घेतला होता, पण त्याच वेळी 156 ग्रॅम पाणी तयार झालं, त्यातलं किती राहिलं, किती उडालं, श्वासातली किती ओल आत बसली, हे वजनकाटा सांगू शकत नाही. रंग बदलणारा चुना? ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्या यंत्रांत तो असतो, दमला की जांभळा होतो. पण रात्रभर ठेवला की रंग बराच परत पांढरा होतो, क्षमता परत येत नाही. आणि पाण्याखाली पाठीवरच्या बंद डब्यात रंग बघणार कोण? डाइव्हआधी पाच मिनिटं श्वास घेऊन बघतात, त्याचं काय? 2015 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी हीच चाचणी तपासली. चुना अर्धवट काम करत असताना बहुतेकांना त्या पाच मिनिटांत काहीच जाणवलं नाही. त्या पाच मिनिटांत ऑक्सिजनचे सेन्सर आणि व्हॉल्व्ह तपासून होतात म्हणून ती करावी. चुन्याबद्दल तिने दिलेला दिलासा खरा मानू नये. कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर काही यंत्रांत येतात, पण लूपमधली दमट हवा त्यांना फसवू शकते.

माझ्या मते तिच्या कामाला खरा उपयोग तापमानाच्या कांडीचा होईल. कॅनिस्टरच्या मधून जाणाऱ्या या कांडीवर ओळीने सेन्सर असतात आणि गरम पट्टा कुठवर आला ते हातावरच्या पडद्यावर दिसतं. त्या सकाळी अशी कांडी असती तर पहिल्या काही मिनिटांतच शेवटच्या टोकापर्यंत कॅनिस्टर तापलेला दिसला असता. कांडी वायू मोजत नाही, हे मात्र तिला दोनदा सांगितलं. रिंगेजवळून वळसा घालणारी हवा तिला कळणार नाही.

मग आम्ही तिची वही बदलली. जेवणं झाल्यावर, ताई भांडी आवरत असताना, जेवणाच्या टेबलावर बसून नवे रकाने आखले. मिनिटांचा रकाना ठेवला, त्याच्या शेजारी ऑक्सिजनचे बार, त्याच्या शेजारी लिटर, त्याच्या शेजारी बेरीज. मर्यादा किती धरायची यावर आमचं थोडं वाजलं. ती म्हणाली, गरम पाण्यात 288 लिटर सहज मिळतील. मी म्हणालो, 288 हा आकडा ठरावीक वेगाने चाललेल्या यंत्राचा आहे, माणूस खडकाआड पोचायला जीव तोडतो तेव्हा वेग ठरावीक राहत नाही. शेवटी 200 लिटर कार्बन डायऑक्साइड किंवा पुस्तिकेतली मिनिटं, जे आधी भरेल ते. आणि एकदा भरलेला चुना ओतला की तो संपला, मग त्यात कितीही लिटर उरलेले असोत. कॅनिस्टर न उघडता बंद करून ठेवला तर गोष्ट वेगळी. 2018 मध्ये त्याच न्यूझीलंडच्या गटाने अर्धवट वापरलेले कॅनिस्टर महिनाभर ठेवून पाहिले, तेव्हा उघडे ठेवलेले लवकर हरले, हवाबंद पिशवीतले टिकले. तिला चिकटपट्टीही दिली: कॅनिस्टरवर भरल्याची तारीख आणि झालेले लिटर लिहायचे, पट्टी झाकणावरून आडवी लावायची. पट्टी फाटली, की चुना टाकायचा.

दोन महिन्यांनी तिच्याकडून एक पार्सल आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या, प्रत्येकीवर थराचं नाव. सोबत वहीच्या पानाचा फोटो: दोन डाइव्ह, 121 मिनिटं, 133 लिटर ऑक्सिजन, म्हणजे 120 लिटर कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ त्या पहिल्या दिवसाइतकाच हिशेब, फक्त या वेळी कॅनिस्टर मधे उघडलेला नव्हता. मी त्याच दिवशी मकरपुऱ्याला गेलो. हवा शिरते त्या तोंडाची बाटली: 122 मिलिलिटर. मधली: 31. शेवटच्या बाटलीतला ग्रॅम नळीत टाकला, आम्ल सोडलं आणि वाट बघितली. दाणे शांतपणे विरघळले. काचेच्या कडेने चार-दोन बुडबुडे वर गेले. मोजपात्रात 6.

मी तिथूनच फोन लावला.